प्राणरक्षणाचा अधिकार आणि शस्त्राचा परवाना

५ मार्च १९५० या दिवशी कटनी येथे, म्हणजे नागपूर ही ज्याची राजधानी होती त्या तत्कालीन मध्य प्रदेशाच्या उत्तर भागातील एका व्यापारी गावी, फाळणीनंतर येऊन वसलेले सिंधी निर्वासित आणि तेथील मुसलमान यांच्यात दंगल उसळली. आणि तिचा लोट बाजारातल्या एका चौकापर्यंत येऊन पोहोचला, तेव्हा त्या चौकातील एका मुसलमान दुकानदाराने आपले दार आतून लावून घेतले. शेजारचा गाळा त्याच्या भावाचा होता. जमावाने प्रथम तो फोडला, त्यातील माल लुटला, आणि मग तोच जमाव या दुकानदाराच्या दारावर लाठ्या हाणू लागला. भावाच्या गाळ्यात काय घडले हे त्याला समजले होते, आत त्याची माणसे होती, आणि हाताशी बंदूक होती. त्याने बार काढले. एक मनुष्य मृत्युमुखी पडला, काही जखमी झाले, आणि दुकानदार आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

खालच्या न्यायालयांत तो दोषी ठरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेले तेव्हा, १९५२ साली, त्याचा निकाल लिहिण्याचे काम न्यायमूर्ती विव्हियन बोस यांच्याकडे आले, आणि नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवून दिल्लीस गेलेल्या या न्यायमूर्तींनी त्या दुकानदारास निर्दोष सोडले. त्यांची विचारसरणी आजही मुळातून वाचण्याजोगी आहे. दार फुटेपर्यंत, जमाव घरात शिरेपर्यंत, पहिला घाव अंगावर पडेपर्यंत मनुष्याने थांबलेच पाहिजे असा कायद्याचा आग्रह नाही. मृत्यूची अथवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती ज्या क्षणी उत्पन्न झाली त्याच क्षणी त्याचा अधिकार जागा झाला. आणि अशा क्षणी त्याने किती बळ वापरावयास हवे होते याचे वजन मागाहून, शांत न्यायदालनात बसून, सोनाराच्या काट्यावर करू नये, असे त्यांनी सांगितले. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ हा निर्णय आधारास घेतला गेला, आणि २०१० साली दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगी बचावाची दहा सूत्रे एकत्र ग्रथित केली तेव्हा त्यांतही हीच दृष्टी कायम राहिली.

हा अधिकार आपल्या कायद्यात किती जुना आणि किती उदार आहे याची कल्पना सुशिक्षितांनाही क्वचितच असते. मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ साली दंडसंहितेचा जो मसुदा सिद्ध केला, त्याच्या टिपणीत आयोगाने असे नमूद केले होते की, या देशातील लोक अन्याय मुकाट्याने सोसतात हा खरा धोका असून, बचावाच्या अधिकारावर निर्बंध वाढविण्यापेक्षा लोकांत पौरुष जागे करणे आयोगास अधिक इष्ट वाटते. परक्या राज्यकर्त्यांच्या लेखणीतून उतरलेला हा अभिप्राय आश्चर्यकारक खराच. १८६० च्या भारतीय दंडसंहितेची कलमे ९६ ते १०६ त्यातून जन्मली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलमे ३४ ते ४४ म्हणून जवळजवळ जशीच्या तशी आली आहेत. स्वतःच्याच नव्हे तर परक्याच्याही शरीराचे रक्षण करण्याचा हक्क त्यांत आहे. खून, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला अशा प्रसंगी हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत तो पोहोचतो. आणि दरोडा पडला असता किंवा रात्री घरफोडी होत असता मालमत्तेच्या रक्षणासाठीही तो तितक्याच मर्यादेपर्यंत जातो. बंधने दोन महत्त्वाची: बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी अंमलदारांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हा हक्कच उरत नाही.

या दुसऱ्या बंधनाचा अर्थ मात्र ठिकाणपरत्वे बदलतो. शहरातील पेठेत, जेथून पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर आहे, तेथे अवसर असणे ही कल्पना निराळी. आणि नगर अथवा बीड जिल्ह्यातील माळरानावर, गावापासून दूर असलेल्या एकाकी वस्तीवर, रात्री दोनच्या सुमारास दाराच्या कडीकोयंड्याशी कोणी खटपट करीत असता, तीच कल्पना निराळी. तेथे कायद्याने दिलेला अधिकार पूर्ण शाबूत असतो. तो बजावण्याचे साधन मात्र कोयता, कुऱ्हाड किंवा दारामागे ठेवलेली काठी एवढेच असते. अधिकार सर्वांना आणि साधन निवडकांना, अशी जी व्यवस्था या देशात उभी राहिली तिचा उगम शोधावयाचा तर १८७८ पर्यंत मागे जावे लागते.

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत, देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, हत्यारांचा कायदा झाला. युरोपियनांस त्यातून माफी होती. कुर्गातील लोकांस त्यांच्या राजनिष्ठेबद्दल माफी मिळाली, आणि ती १९५९ च्या कायद्याखालीही टिकली. बाकी हिंदी प्रजेने मात्र आपल्या घरची बंदूकदेखील सरकारच्या मर्जीने बाळगावयाची होती. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, आणि सरकारची मूठ आणखी आवळली गेली. ज्या दख्खनमध्ये पाटलाच्या वाड्यातील ढाल-तलवार आणि गढीवरची जंबुरकी ही दोन पिढ्यांपूर्वीची नित्याची गोष्ट होती, तेथे वाघाने गुरे मारली तरी सरकारकडे अर्ज करावयाचा, हा अनुभव अपमानास्पद वाटावा हे स्वाभाविकच होते.

बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनात या कायद्याविरुद्ध जो ठराव झाला, त्याची मांडणी मला आजही विलक्षण वाटते. हत्यारे मुक्तपणे बाळगू द्यावी एवढेच त्यात म्हटले नव्हते. सर्वांस हत्यार बाळगण्याची मुभा असावी, आणि ज्या व्यक्तीस वा वर्गास ती नाकारावयाची असेल तिला का नाकारली याची कारणे सरकारने लेखी नोंदवून प्रसिद्ध करावी, अशी ती मागणी होती. पुरावा देण्याचा भार प्रजेवर नसून सरकारवर असावा, हे तिचे मर्म. महात्मा गांधींनी १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात, एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या सर्वात काळ्या कृत्यांत गणला आहे. आणि अहिंसेच्या उपासकाची ही वेदना शस्त्राच्या प्रेमापोटी नव्हती, भीतीमुळे आलेल्या दुबळेपणाबद्दल होती. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीतही, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क नमूद झाला होता.

स्वराज्य आल्यावर तो हक्क घटनेत उतरेल अशी अपेक्षा काहींस होती. डिसेंबर १९४८ च्या आरंभी घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा युक्तिवाद असा की, परक्या सरकारने प्रजेस निःशस्त्र केले असता त्या मागणीस जो अर्थ होता तो आता राहिला नाही. प्रत्येकाने बाजारात जाऊन हल्ल्याची साधने विनाअटकाव खरेदी करावी असे झाल्यास राज्यकारभारच चालणार नाही. आणि नव्या राष्ट्रात आग्रह धरावयाचा तर तो शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नव्हे, राष्ट्रासाठी शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती नामंजूर झाली, शस्त्रे हा विषय केंद्राच्या सूचीत गेला, आणि एकोणिसाव्या अनुच्छेदात एकत्र जमण्याचे जे स्वातंत्र्य आहे तेही शांततेने आणि शस्त्राविना.

बाबासाहेबांचे उत्तर मला पटते. ज्या देशात जातीच्या उतरंडीने खेड्याखेड्यांत कोणाच्या हाती काठी आणि कोणाच्या पाठीवर वळ हे आधीच ठरवून ठेवले होते, तेथे बंदुकीचा बाजार खुला झाला असता तर ती बंदूक प्रथम कोणाच्या माडीवर गेली असती, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे कोणास दिसत होते? परंतु त्या उत्तराला एक दुसरी बाजू आहे, आणि तिचा विसर आपल्या राज्यकर्त्यांस पडला असे मला वाटते. शस्त्र नागरिकाच्या हातातून काढून राज्याने आपल्या हाती घेतले, की त्या नागरिकाच्या रक्षणाचे ऋण राज्याच्या शिरावर येते. आणि ज्याला राज्य वेळेवर पोहोचू शकत नाही त्याला साधन द्यावयाचे की नाही, याचा निर्णय मग मेहेरबानीचा राहत नाही, न्यायाचा होतो.

१९५९ चा शस्त्र अधिनियम, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, त्याच्या उद्देशांत ही जाणीव होती. ज्याची पूर्ववर्तणूक आक्षेपार्ह नाही अशा नागरिकास आत्मरक्षणासाठी परवान्याने शस्त्र मिळावे, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी सोय आहे. आणि परवाना नाकारल्यास कारणे लेखी नोंदविण्याचे बंधनही आहे. मद्रासच्या ठरावाची अर्धी मागणी अशा रीतीने कायद्यात आली. उरलेली अर्धी, म्हणजे कारणे प्रसिद्ध करण्याची, कधीच आली नाही.

अर्जाचा प्रवास असा. आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त आणि अन्यत्र जिल्हाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी. २०१६ च्या नियमांनुसार विहित नमुन्यात अर्ज करावयाचा, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र जोडावयाचे, आणि मग तो अर्ज स्थानिक पोलीस ठाण्याकडे चौकशीसाठी जातो. चारित्र्य, गुन्ह्यांची नोंद, शेजाऱ्यांच्या जबान्या, शस्त्र ठेवण्याची जागा आणि सर्वांत मुख्य म्हणजे धोक्याचे स्वरूप यांवर ठाणेदाराचा अहवाल होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली, आणि लग्नात वा मिरवणुकीत हवेत बार काढणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. एका जिल्ह्याच्या परवाना शाखेत दीर्घकाळ काम करून निवृत्त झालेल्या एका अव्वल कारकुनांनी मला सांगितले ते असे: "जिवाला धोका हे कारण प्रत्येक अर्जात असतं. ज्याच्या मागे माणसं असतात, गाड्या असतात, त्याची फाइल पुढं सरकते. ज्याला खरोखर रात्री झोप लागत नाही, तो अर्ज करायलाच येत नाही. आला तर पोलीस ठाण्याच्या अहवालातच अडकतो."

केंद्रीय गृहखात्याच्या आकड्यांप्रमाणे २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांपैकी पावणेतेरा लाखांहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात, आणि महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. उत्तर प्रदेशातील दुर्बल माणूस महाराष्ट्रातील दुर्बल माणसाहून अधिक सुरक्षित आहे असे कोणी म्हणणार नाही. तेथे बंदूक खांद्यावर असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले, आणि आपल्याकडेही कमरेचे पिस्तूल आता त्याच वाटेने निघाले आहे. फेब्रुवारी २०२४ च्या एकाच आठवड्यात जे घडले ते आठवावे. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, पोलीस निरीक्षकाच्या दालनात, एका विद्यमान आमदाराने परवान्याच्या पिस्तुलातून राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळ्या झाडल्या. आणि त्यानंतर काही दिवसांतच मुंबईत समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपण चालू असता एका माजी नगरसेवकाचा ज्या पिस्तुलाने खून झाला, ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावे परवाना असलेले होते. बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचे डिसेंबर २०२४ मध्ये अपहरण होऊन निर्घृण खून झाल्यावर त्या जिल्ह्यातील परवान्यांची छाननी सुरू झाली, हातात पिस्तूल मिरवणाऱ्यांची छायाचित्रे बाहेर आली, आणि अनेक परवाने रद्द झाले. ते दिले गेले तेव्हा कोणता धोका नोंदविला होता, हे त्या जिल्ह्यातील जनतेस आधी ठाऊक असते तर पुष्कळ गोष्टी वेळीच उघड्या पडल्या असत्या. आणि २०२५ साली पुण्यात एका कुख्यात टोळीप्रमुखाच्या भावाचा पोलिसांनी नाकारलेला अर्ज गृह राज्यमंत्र्यांपुढील अपिलात मंजूर झाल्याचे उघड झाले तेव्हा केवढे वादळ उठले ते ताजेच आहे. पोलिसांनी प्रत्यक्ष परवाना हाती दिला नाही हे सुदैव.

याच्या उलट टोकाला कोकणातील बागायतदार उभा आहे. त्याच्या घरातील ठासणीची बंदूक बहुधा आजोबांच्या नावावरून वडिलांच्या आणि मग त्याच्या नावावर चढलेली असते. ती नळीतून दारू आणि छर्रे ठासून एकदा उडवावयाची, आणि पुन्हा भरेपर्यंत रानडुकरांचा कळप दोन मळे ओलांडून गेलेला असतो. निवडणूक जाहीर झाली की ही बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. सरसकट सर्वांची शस्त्रे जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहून निर्णय करावा, असे उच्च न्यायालयाने बजावूनही तळाशी जुनीच वहिवाट चालू राहते. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान झाले तो काळ भात कापणीचा. कुडाळ तालुक्यातील एका वयस्क शेतकऱ्याने मला विचारले, "ठाण्यात बंदूक, भातात डुकरां, माका सांगा, कापणी कोणी राखूची?" त्याच्या बंदुकीने कोणाचे मतदान बिघडणार होते हे मला सांगता आले नाही. ज्यांच्यापासून मतदारास खरोखर भय असते त्यांची हत्यारे परवान्याची नसतात, आणि म्हणून ती कोणत्याही ठाण्यात जमा होत नाहीत.

पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि कोल्हापुरात फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे सकाळी फिरावयास गेले असता त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याही अशाच बेकायदा पिस्तुलांतून. त्यांच्या खिशात पिस्तूल असते तर ते वाचले असते काय? मला तसे वाटत नाही. पाठीमागून आलेल्या मारेकऱ्यापुढे खिशातील शस्त्र निरुपयोगी असते. त्यांना हवे होते ते धमक्या गांभीर्याने घेणारे पोलीस दल. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर २०१४ साली काढले. त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. रात्रपाळी करून शेवटच्या लोकलने परतणाऱ्या बाईला ते परवडणारे नव्हते, आणि तिने ते घ्यावे अशी अपेक्षा करणे म्हणजे तिच्या रक्षणाची जबाबदारी तिच्याच पर्सवर टाकणे होते.

नागपूरच्या कस्तुरबानगरातील बायकांकडे तर कोणतेच साधन नव्हते. अक्कू यादव नावाच्या गुंडाने त्या वस्तीवर वर्षानुवर्षे खंडणी, मारहाण आणि बलात्कारांचे राज्य चालविले. तक्रारी झाल्या, त्यांचे पुढे काही झाले नाही, आणि उलट तक्रार करणाऱ्या घरांवरच सूड उगवला गेला. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्यास जामिनाच्या कामासाठी नागपूरच्या न्यायालयात आणले असता, तो सुटून परत येणार या भीतीने पेटलेल्या जमावाने, ज्यात मुख्यत्वे त्या वस्तीतील स्त्रिया होत्या, मिरचीची पूड आणि सुऱ्या घेऊन न्यायालयाच्या दालनातच त्याला ठार मारले. दहा वर्षांनी, २०१४ साली, पुराव्याअभावी सर्व आरोपी निर्दोष सुटले. कायद्याच्या दृष्टीने हा खासगी बचाव नव्हे. मारला गेलेला मनुष्य पोलिसांच्या ताब्यात होता, आणि ताब्यातील मनुष्याचा वध हा वधच. मी त्याचे समर्थन करीत नाही. परंतु अंमलदारांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर बचावाचा हक्क उरत नाही असे जो कायदा म्हणतो, त्याने हेही पाहावयास हवे की या बायकांनी ती धाव वर्षानुवर्षे घेतली होती.

भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे भोतमांगे कुटुंब हे याहूनही वेदनादायक उदाहरण. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावातील जमावाने हत्या केली. मारहाणीच्या एका प्रकरणात आई आणि मुलीने आरोपींची ओळख पटविली होती. ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हल्ला झाला. साक्ष देणे एवढाच त्यांचा अपराध. आता एक नियम सांगतो, जो या घटनेच्या अकरा वर्षे आधीपासून अमलात होता. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखालील १९९५ च्या नियमांत, अत्याचाराची शक्यता असलेले प्रदेश राज्याने हुडकून काढावेत, तेथील सवर्णांचे शस्त्रपरवाने जरूर तर रद्द करावेत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत, आणि दलित-आदिवासींच्या जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास त्यांना शस्त्रांचे परवाने द्यावेत, असे तिसऱ्या नियमात स्पष्ट लिहिले आहे. बाबासाहेबांना जे भय वाटत होते त्याचे, आणि त्यावरील उताऱ्याचे, इतके नेमके कलम आपल्या कायद्यात आहे. आणि ते कोणत्या गावी वापरले गेले हे विचारले असता बहुतेक कचेऱ्यांत शांतता पसरते.

एका कुटुंबाच्या हाती एक बंदूक असती तर खैरलांजीच्या जमावापुढे ती पुरली असती असा माझा दावा नाही. कटनीचा दुकानदार बंद दाराआड होता. खेड्यातील खरे संरक्षण सामूहिक असते, आणि त्याचीही कायदेशीर चौकट उपलब्ध आहे: १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटलास मान्यता दिली, ग्रामरक्षक दलाचीही कायद्यात सोय आहे, आणि पुणे, नाशिक, नगर जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणेखाली एका दूरध्वनीने सगळ्या गावाला एकाच वेळी जागे करण्याची सोय झाल्यावर दरोडेखोरांस पिटाळून लावल्याच्या कथा ऐकावयास मिळतात. तथापि ही यंत्रणा गावाबाहेरच्या शत्रूविरुद्ध उपयोगी आहे. शत्रू गावातच असतो, पोलीस पाटील त्याच्याच भावकीतला असतो, आणि जागा होणारा गावच हल्ला करणारा असतो, तेव्हा त्या एका घराने काय करावे?

म्हणून माझी मागणी अधिक बंदुकांची नाही. ती मद्रासच्या त्या ठरावाची उरलेली अर्धी मागणी आहे. प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आणि आयुक्ताने वर्षातून एकदा, कोणा-कोणास आत्मरक्षणासाठी परवाना दिला, कोणता धोका ग्राह्य धरून दिला, आणि अपिलात वरून मंजूर झालेला परवाना कोणत्या कारणाने मंजूर झाला, हे जाहीर करावे. ज्यांच्या जिवास त्या प्रसिद्धीमुळेच धोका वाढेल अशा साक्षीदारांची आणि फिर्यादींची नावे तेवढी वगळावीत. तिसऱ्या नियमाखाली किती गावे हुडकली आणि तेथे काय केले याचा तक्ता त्यासोबत असावा. आणि ज्या अर्जदारास, विशेषतः ज्या विधवेस, ज्या साक्षीदारास, वस्तीवर एकट्या राहणाऱ्या ज्या कुटुंबास परवाना नाकारला, त्याच्या फाइलवर नकाराच्या कारणाखाली आणखी एक ओळ लिहिणे त्या अधिकाऱ्यास बंधनकारक करावे: या मनुष्याच्या रक्षणाची तजवीज कोणत्या पोलीस ठाण्याने, कोणाच्या सहीने, आणि कोणत्या तारखेपासून केली आहे.